‘कितव्या पानावर आहात?’ : एका कादंबरीबरोबर ३६५ दिवस

वाचनकट्ट्यावर मी पहिल्यांदा गेले तो दिवस ९ नोव्हेंबर २०२४ चा, महिन्याचा दुसरा शनिवार. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत चौदा खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकाने पाच मिनिटांत एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते : सध्या काय वाचताय? माझी पाळी आली तेव्हा मी महाविद्यालयात असताना वाचलेल्या एका कादंबरीचे नाव घेतले आणि सध्या ती पुन्हा वाचते आहे, असे ठोकून दिले. शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिकांनी, ज्यांना तेथे सगळे नुसते ‘बाई’ म्हणतात, कौतुकाने मान डोलावली आणि अगदी सहज विचारले, “कितव्या पानावर आहात?” मी “निम्म्यावर” म्हणाले. त्यांनी ते समोरच्या वहीत लिहून घेतले.

खरे सांगायचे तर मी कोणत्याच पानावर नव्हते. सहा वर्षांत एकही पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले नव्हते. पुस्तके विकत घेणे थांबले नव्हते आणि वाचणाऱ्या माणसांत वावरणेही थांबले नव्हते, त्यामुळे कोणाला काही कळायचे कारण नव्हते. तरीही हा प्रश्न आला की माझ्या पोटात गोळा येई. आवडते पुस्तक कोणते, असे विचारले तर जुन्या पुंजीवर निभावून नेता येते. ‘सध्या’ या शब्दापुढे ती पुंजी चालत नाही. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत जे घडले ते येथे क्रमाने लिहिते आहे, कारण माझ्यासारखी अडकलेली माणसे बरीच असावीत, असे त्या खोलीत काही शनिवार काढल्यावर माझ्या लक्षात आले.

२३ नोव्हेंबरच्या बैठकीत मी खरे सांगून टाकले. पंधरा दिवस ते ‘निम्म्यावर’ मनात डाचत होते. बाईंनी काहीही न बोलता वही मागे उलटली, माझी जुनी नोंद एका रेघेने खोडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात आपल्या वळणदार अक्षरात ‘काही नाही’ असे लिहिले. त्या वहीला चार रकाने आहेत : नाव, चालू पुस्तक, पान, आणि एक वाक्य. ‘काही नाही’ ही तेथे रीतसर नोंद आहे आणि ती करणारी मी पहिली नव्हते, हे मागची पाने चाळल्यावर दिसले. वाचून संपलेल्या पुस्तकाबद्दल मात्र कट्ट्यावर बोलू देत नाहीत. संपलेल्या पुस्तकावर माणूस निकाल देतो आणि चालू पुस्तकावर गप्पा मारतो, असे बाईंचे म्हणणे आहे, आणि पहिल्या काही बैठकांतच मला ते पटले.

त्या दिवशी एक गृहस्थ मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश वाचत असल्याचे सांगत होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण त्यांच्याकडे होते, ते रोज एक पान वाचत आणि तेव्हा ‘क’ वर होते. आपल्या वापरातून गेलेले दोन-तीन शब्द त्यांनी अशा चवीने सांगितले की सगळे पुढे सरकून ऐकू लागले. कोश कधी संपेल, असे कोणी तरी विचारले तेव्हा त्यांनी खांदे उडवले. रोज एवढेसेच वाचायचे आणि संपण्याची घाई करायची नाही, ही कल्पना मी त्यांच्याकडूनच उचलली.

पुस्तक निवडण्याआधी एक क्षुल्लक वाटणारे काम करावे लागले. संध्याकाळी वाचायला बसले की दहा मिनिटांत कपाळ दुखू लागे आणि मी त्याला एकाग्रता गेल्याचे लक्षण समजत होते. माझे वय ४६ आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे अक्षर स्पष्ट दिसेनासे होते, हे मला ऐकून माहीत होते, पण ते स्वतःला लावून पाहण्याचे सुचले नव्हते. २६ नोव्हेंबरला डोळे तपासले, ३० तारखेला जवळच्या नजरेचा चष्मा मिळाला आणि सहा वर्षांच्या न वाचण्याचा निदान एक तृतीयांश भाग त्या दिवशी सुटला. या साऱ्या उद्योगात सर्वांत मोठा खर्च झाला तो त्या चष्म्याचाच. वाचन सुटलेल्या चाळिशीपुढच्या कोणालाही मी प्रथम डोळे तपासून घ्यायला सांगते.

कट्ट्यावर पाहुणा म्हणून दोनदा बसता येते. तिसऱ्या वेळेपासून ग्रंथालयाचे सभासदत्व लागते. अर्ज दोन पानी होता. त्याला दोन छायाचित्रे, ओळखपत्राची व पत्त्याच्या पुराव्याची प्रत जोडायची होती आणि एका जुन्या सभासदाची शिफारस घ्यायची होती. शिफारशीची सही बाईंनी केली. माझ्या ओळखपत्रावरचा पत्ता जुना असल्याने अर्ज एकदा परत आला. नव्या पत्त्याचे वीजदेयक जोडल्यावर तो स्वीकारला गेला. अनामत रक्कम भरली, ती सभासदत्व सोडताना परत मिळते, आणि तिची पावती हरवल्यास दुसरी प्रत मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो असे कळल्यामुळे मी ती चष्म्याच्या डबीतच ठेवली आहे. कार्ड हाती येईपर्यंत नऊ दिवस गेले.

कादंबरी मी आकाराकडे पाहून निवडली, हे कबूल करायला हरकत नाही. लिओ टॉल्स्टॉय यांची ‘युद्ध आणि शांती’ लांबीसाठी प्रसिद्ध आहे, पण तिची प्रकरणे आखूड आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. लुईस आणि एल्मर मॉड या दांपत्याने केलेले इंग्रजी भाषांतर, जे प्रथम १९२२-२३ मध्ये प्रसिद्ध झाले, ग्रंथालयात तीन भागांत बांधलेले होते. मी कपाटाजवळ उभी राहून प्रकरणे मोजली. पंधरा ‘पुस्तके’ (कादंबरीच्या विभागांना तेथे असेच म्हटले आहे) आणि दोन उपसंहार मिळून ती ३६५ भरली. २०२५ हे लीप वर्ष नव्हते. रोज एक प्रकरण, माझ्या वेगाने बारा ते पंधरा मिनिटे. एवढा वेळ तर मी रोज दूरध्वनीवर बोटे फिरवण्यात घालवत होते.

अडचण निघाली ती देवघेव विभागात. पुस्तक चौदा दिवसांसाठी मिळते आणि त्याला दोनदा मुदतवाढ मिळते, म्हणजे एकूण ४२ दिवस. त्यानंतर ते परत करून सात दिवस कपाटात राहू द्यावे लागते आणि मगच त्याच सभासदाला पुन्हा नेता येते. रोज एक प्रकरण वाचणाऱ्याला यातला एक भाग चार महिने पुरतो. खिडकीवरच्या लिपिकांनी नियम दोनदा वाचून दाखवला आणि मग, आवाज थोडा खाली आणून, “ग्रंथपालांच्या नावे अर्ज द्या, दीर्घ मुदतीची तरतूद आहे,” असे सांगितले. २ डिसेंबरला मी अर्ज दिला. त्यात तिन्ही भागांचे दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाने प्रत्येक प्रतीला दिलेले क्रमांक, प्रत्येक भाग कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत लागेल याचा तपशील आणि कारण लिहायचे होते. ‘वाचण्यासाठी’ हे कारण पुरेसे धरले जाईल की नाही, याची मला शंका होती. मी तेच लिहिले. समितीची बैठक महिन्यातून एकदा होते, त्यामुळे उत्तर १९ डिसेंबरला आले : मंजूर, पण दुसऱ्या सभासदाने मागणी नोंदवल्यास तीन दिवसांच्या आत भाग परत करावा लागेल. ती अट मी वाचली आणि विसरले. एवढे जाड पुस्तक दुसरे कोण मागणार, असे मला वाटले होते.

१ जानेवारीला पहिले प्रकरण वाचले. जुलै १८०५, पीटर्सबर्गमधली एक संध्याकाळ, नटूनथटून आलेले लोक आणि नेपोलियनविषयी चाललेली आदबशीर कुजबुज. चौथ्या-पाचव्या दिवशीच मी माणसांच्या गर्दीत हरवले. कादंबरीत पाचशेच्या वर पात्रे आहेत आणि रशियन नावांची रीत सवयीची होईपर्यंत एका माणसाची तीन माणसे होतात. पिएर म्हणजेच प्योत्र किरिलोविच, म्हणजे किरिलचा मुलगा प्योत्र. नताशा म्हणजेच नताल्या इल्यिनिच्ना. आंद्रेई निकोलायेविचचे वडील निकोलाय आंद्रेयेविच, आणि रोस्तोव घराण्यातला निकोलाय आणखी निराळा. छापील वंशावळीत पुढे कोणाचे लग्न कोणाशी होते हेही दिलेले असते, म्हणून तिच्याकडे न पाहता मी एका जाड कागदाच्या खुणेवर स्वतःच घराणी मांडली : बेझुखोव, बोल्कोन्स्की, रोस्तोव, कुरागिन, द्रुबेत्स्कोय. नवे नाव आले की त्या खुणेवर बसवायचे आणि तीन दिवसांत पुन्हा दिसले नाही तर काळजी करायची नाही. ही खूण मला कोणत्याही टीपांपेक्षा अधिक उपयोगी पडली.

त्याच आठवड्यात एक छोटी वही केली. प्रकरण संपले की तारीख आणि एक ओळ, आणि जमल्यास उद्या काय होईल याचा अंदाज. त्या वहीतल्या दोन नोंदी जशाच्या तशा देते.

‘१३ मार्च. उद्या पिएर मरणार. पिस्तूल चालवायचे कसे हेही याला ठाऊक नसणार.’

‘१४ मार्च. मी चुकले.’

वर्षभरात असे ४१ अंदाज मी लिहिले आणि त्यातले ३३ चुकले. पुस्तक संपल्यावर मागे वळून पाहिले की सगळे घडणे अटळ वाटू लागते आणि आपल्याला आधीच कळले होते, असा भासही होतो. वहीने तो भास होऊ दिला नाही.

कट्ट्यावर पहिले दोन महिने मी जरा अवघडून बोलत असे. सगळ्यांची पुस्तके बदलत. एक महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्राच्या भरती-ओहोटीवरचे पुस्तक आणी, त्याच्या शेजारच्या ताई तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांचा संग्रह वाचत, दृष्टी अधू झालेले एक काका एक प्रवासवर्णन ऐकत होते. ऐकणे म्हणजे वाचणे का, यावर एका बैठकीत बराच वाद झाला. शेवटी काकांच्या नोंदीपुरता ‘पान’ या रकान्यात ‘मिनिट’ लिहायचे ठरले आणि विषय मिटला. माझ्या नावापुढे मात्र तेच नाव, तेच नाव. जानेवारीच्या अखेरीस मी जरा ओशाळून म्हणाले, “माझे अजून तेच चालू आहे,” तेव्हा कोशवाले गृहस्थ म्हणाले, “माझेही.”

मग ८ मार्चची बैठक आली. ६ मार्चच्या प्रकरणात ऑस्टरलिट्झच्या रणांगणावर आंद्रेई जखमी होऊन पडतो आणि त्याला वर फक्त उंच, शांत आकाश दिसते. पुढची दोन प्रकरणे त्याला तसेच सोडून भलतीकडेच जातात. म्हणजे शनिवारी मी कट्ट्यावर बसले तेव्हा तो दोन दिवस तेथेच पडलेला होता आणि तो जगतो की नाही, हे मला खरोखरच माहीत नव्हते. मी तसेच सांगितले. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही, आणि मग एकदम सगळेच बोलू लागले. विद्यार्थ्याने पुढचे प्रकरण आत्ताच उघडा म्हणून हट्ट धरला. बाईंनी पुस्तकावर हात ठेवला आणि “उद्याचे उद्या,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणानेही नीट उत्तर दिले नाही, ते मिळायला १७ मार्च उजाडला आणि २२ मार्चच्या बैठकीत मी आत शिरताच तिघांनी दारातच विचारले, “काय झाले त्याचे?” ते मी त्यांना सांगितले, येथे सांगत नाही.

या कादंबरीचा आरंभीचा भाग १८६५ पासून ‘रशियन मेसेंजर’ या मासिकात ‘१८०५’ या नावाने प्रसिद्ध होऊ लागला होता आणि पूर्ण ग्रंथ १८६९ मध्ये हाती आला, हे मला नंतर वाचनात कळले. तिच्या पहिल्या वाचकांना पुढचे पान उघडण्याची सोयच नव्हती. अंक येईपर्यंत तेही एकमेकांशी चालू कादंबरीबद्दलच बोलत असणार. रोज एका प्रकरणावर थांबण्याचा माझा नियम काहींना कृत्रिम वाटतो, आणि सर्व पुस्तकांना तो लावू नये असे मलाही वाटते, परंतु या कादंबरीला तो मानवतो.

तारखांबद्दल एक सूचना. विद्यार्थ्याने एकदा इतिहासाचे पुस्तक आणून दाखवले की ऑस्टरलिट्झची लढाई २ डिसेंबर १८०५ रोजी झाली, आणि माझ्या कादंबरीत नोव्हेंबरच चालू होता. चूक कोणाचीच नव्हती. रशियात १९१८ पर्यंत ज्युलियन पंचांग चालत असे आणि एकोणिसाव्या शतकात ते ग्रेगोरियन पंचांगाच्या बारा दिवस मागे होते. म्हणून ऑस्टरलिट्झ तेथे २० नोव्हेंबरला येते आणि ७ सप्टेंबर १८१२ ची बोरोदिनोची लढाई २६ ऑगस्टला. नकाशा घेऊन लढाया वाचणाऱ्यांनी हे बारा दिवस खुणेच्या कागदावर आधीच लिहून ठेवावेत.

३ जून रोजी ग्रंथालयातून संदेश आला : आपल्याकडील पुस्तकाला मागणी आहे, तीन दिवसांत परत करावे. विसरलेली अट अशी समोर उभी राहिली. मी तेव्हा दुसऱ्या भागात, आठव्या पुस्तकात होते, आणि गोष्ट अशा ठिकाणी आली होती की भाग हातातून सोडवेना. ६ जूनला तो खिडकीवर ठेवला तेव्हा लिपिकांनी माझ्याकडे पाहून “फार दिवस नाही लागणार,” असे म्हटले आणि त्यांचे म्हणणे कशाच्या आधारावर होते ते मला विचारावेसे वाटले नाही.

मधले दिवस दूरध्वनीवर काढले. मॉड यांच्या भाषांतराच्या प्रताधिकाराची मुदत संपलेली असल्याने ते प्रोजेक्ट गुटेनबर्ग या इंटरनेटवरील पुस्तकसंग्रहात विनामूल्य मिळते. तेच भाषांतर असल्याने प्रकरणांचे क्रमांक जुळले, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण मूळ रशियन विभागणी पाळणाऱ्या आवृत्त्यांत प्रकरणे ३६१ असतात. तेथील पहिल्या खंडाच्या पहिल्या भागात २५ प्रकरणे आहेत, तर माझ्याकडच्या पहिल्या पुस्तकात २८. दुसऱ्या कोणाबरोबर जोडीने वाचायचे असेल तर भाषांतर एकच घ्यावे, नाही तर तीन-चार दिवसांचा फरक पडतो आणि नको ते आधी कळते.

१६ जूनचे प्रकरण, आठव्या पुस्तकातले शेवटचे, मी असे अंधारात, छोट्या पडद्यावर वाचले. रात्री मॉस्कोच्या रस्त्यावरून जाताना पिएरला वर धूमकेतू दिसतो. रोज वहीत एक ओळ लिहायची मला सवय झाली होती. त्या दिवशी मी नुसती तारीख लिहिली. पुढच्या बैठकीत विद्यार्थ्याने माहिती आणली की तो १८११ चा महाधूमकेतू, जो सुमारे २६० दिवस नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. कादंबरीत तो १८१२ चा म्हणून येतो. त्याने भरती-ओहोटीचे पुस्तक बाजूला ठेवून आता धूमकेतूंवरचे पुस्तक घेतले होते. कट्ट्यावर पुस्तके अशीच एकमेकांतून निघतात. कोणी शिफारस केलेली पुस्तके त्या मानाने फारशी वाचली जात नाहीत, असे वही चाळली की दिसते.

दुसरा भाग २५ जूनला परत मिळाला आणि मागणीचे रहस्यही उलगडले. संगणकावर तिन्ही भाग एकाच नावाखाली, भागाचा क्रमांक न देता, तीन ‘प्रती’ म्हणून चढवलेले होते. एका सभासदाला कादंबरी पहिल्यापासून वाचायची होती. त्याला प्रथम कपाटात असलेला तिसरा भाग देण्यात आला. तो त्याने दुसऱ्या दिवशी परत केला. मग ‘दुसरी प्रत’ म्हणून माझ्याकडचा दुसरा भाग मागवला गेला. पहिला भाग, म्हणजे त्याला जो हवा होता तो, मे महिन्यात मी परत केल्यापासून बांधणीसाठी गेलेला होता. परत आलेल्या भागाच्या पहिल्याच पानावर, समासात, शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेले होते : ‘ही माणसे कोण?’ ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे खरे, पण मी ते खोडले नाही. अनेक भागांच्या पुस्तकाची मागणी नोंदवताना नावाबरोबर दाखल क्रमांक जरूर लिहावा, एवढे मात्र मी तेव्हापासून सर्वांना सांगते.

जुलैच्या अखेरीपासून बोरोदिनो सुरू झाले आणि वाचन जड होऊ लागले. दहाव्या पुस्तकात ३९ प्रकरणे आहेत. त्यातल्या काहींत लेखक गोष्ट थांबवून इतिहासकारांशी भांडतो. तरी मी २३ ऑगस्टपर्यंत एकही दिवस चुकवला नव्हता, आणि त्याचा मला जरा गर्व झाला होता. २४ ऑगस्टपासून घरातल्या आजारपणामुळे एकोणीस दिवस एक ओळही वाचली गेली नाही. रिकामी वही नजरेस पडू नये म्हणून मी ती खणात ठेवली. १३ सप्टेंबरच्या बैठकीला जाऊ नये असे वाटत होते. गेले, आणि ‘पान’ या रकान्यात तीन आठवड्यांपूर्वीच्या नोंदीपुढे पाचच पाने गेल्याचे सर्वांसमोर सांगितले. बाईंनी आकडा लिहिला, पुढच्या माणसाकडे वळल्या आणि ते तेवढ्यावरच संपले. मागे पडलेली प्रकरणे एकदम भरून काढण्याचा माझा बेत कोशवाल्या गृहस्थांनी मोडून काढला. त्यांच्या सांगण्यावरून आठवड्याचे पाच दिवस एकच प्रकरण आणि शनिवार-रविवारी दोन-दोन, असा क्रम ठेवला, आणि १५ नोव्हेंबरला मी पुन्हा तारखेबरोबर आले.

४ डिसेंबरला पहिला उपसंहार सुरू झाला आणि २० डिसेंबरला दुसरा. या दुसऱ्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण वर्षभर टिकलेले वाचक येथे दमतात. त्याच्या बारा प्रकरणांत ज्यांच्यासाठी आपण थांबलेलो असतो त्यांच्यापैकी कोणीही येत नाही. राष्ट्रांना हलवणारी शक्ती कोणती, थोर पुरुष इतिहास घडवतात का, माणसाची इच्छा कितपत स्वतंत्र, यावरचा तो निबंध आहे. मला तो मुद्दा पटतो, परंतु कादंबरीने तो आधीच दाखवलेला असतो : ऑस्टरलिट्झच्या आदल्या रात्री लढाईची लांबलचक योजना वाचून दाखवली जात असताना सेनापती कुतुझोव खुर्चीत झोपी जातो, त्या एका प्रसंगात तो जास्त चांगला आला आहे. २७ डिसेंबरला मी कट्ट्यावर कंटाळा येत असल्याचे सांगितले. कोणी मला तो भाग थोर असल्याचे समजावू लागले नाही. ‘एक वाक्य’ या रकान्यात बाईंनी ‘कंटाळा, चार प्रकरणे शिल्लक’ असे लिहिले. ज्याला हा निबंध सोडायचा असेल त्याने खुशाल सोडावा. मी तो पुरा केला तो ३६५ या आकड्याच्या लोभाने, त्यात रसिकतेचा भाग थोडा.

३१ डिसेंबरला रात्री शेवटचे प्रकरण संपले. काही तरी मोठे वाटेल अशी अपेक्षा होती. मी वहीत तारीख घातली, ‘संपले’ असे लिहिले आणि सवयीने पान उलटून उद्याचे प्रकरण किती लांबीचे आहे ते पाहायला गेले. १ आणि २ जानेवारीला संध्याकाळचा तो पाव तास अक्षरशः अंगावर आला. तिसऱ्या दिवशी मी एक पातळसा कथासंग्रह घेऊन बसले. वर्षभरात २४ पैकी २२ बैठकांना मी गेले होते आणि प्रत्येक वेळी माझ्या नावापुढे एकच पुस्तक लागलेले आहे. त्या ओळी एकाखाली एक पाहताना मला पानाच्या आकड्यांपेक्षा शेवटच्या रकान्यातली वाक्ये वाचायला अधिक आवडली, विशेषतः मी चुकलेली.

६ जानेवारी २०२६ रोजी तिसरा भाग परत केला. दीर्घ मुदतीची परवानगी आपोआप संपत नाही. ती बंद करण्यासाठी एक अर्ध्या पानाचा अर्ज द्यावा लागतो, नाही तर पुढच्या वर्षी अन्य कोणाला ती देताना जुनी नोंद आड येते. तो मी तेथेच उभ्याने लिहिला. लिपिकांनी तारखेचा शिक्का मारला, भाग उचलला आणि त्याचा कणा माझ्याकडे वळवला. तिन्ही भागांवर आता पांढऱ्या चिठ्ठीवर ठळक १, २, ३ लिहिलेले होते आणि संगणकावरही तसे वेगवेगळे चढवलेले होते. बांधणीहून परतलेल्या १ वर एक मागणी नोंदलेली होती. कोणाची ते त्यांनी सांगितले नाही, पण नोंदीत दाखल क्रमांक व्यवस्थित लिहिलेला होता.